पाचवा जुंको आणि नऊ इंच

व्हर्नन हॅसेलब्रिंग गेल्या हिवाळ्यात खोटारडा ठरला, आणि तोही एका चिमणीएवढ्या पाखरापायी. तोंडावर तसं कुणी म्हणालं नाही. आमच्या एल्डरब्रुकच्या पक्षीमंडळात तोंडावर कुणी काही म्हणत नाही, तिथे फक्त भुवया उंचावतात. वाचनालयाच्या मागच्या खोलीत फेब्रुवारीची सभा भरली होती. व्हर्नन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या थंडीत माझ्या अंगणात पाचही तऱ्हेचे जुंको येऊन गेले." नोंदणीप्रमुख मर्ल टॉफ्टलंडने चष्मा कपाळावर ढकलला आणि एवढंच विचारलं, "पाचव्याचा फोटो?"

फोटो नव्हता. पाखरू आलं तेव्हा व्हर्ननच्या एका हातात कॉफी होती आणि दुसऱ्या हातात टोस्ट. "हरकत नाही," मर्ल म्हणाला, "बहुधा नजरचूक असेल," आणि पुढच्या विषयाकडे वळला. पुढचा विषय बिस्किटं कुणी आणायची हा होता.

नजरचूक! चौतीस वर्षं या माणसाने जमिनी मोजल्या. 'हद्द इथे आहे' असं त्याने म्हटलं की एकमेकांच्या जिवावर उठलेले सख्खे भाऊ मुकाट घरी जात. त्याच्या नजरेला चूक म्हणायचं, म्हणजे काही कमी झालं का! व्हर्नन घरी आला तो टोपीसकट पलंगावर बसून राहिला. "अरे, पाखरूच ना ते," असं लॉर्ना, म्हणजे त्याची बायको, एकदा म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून पुन्हा म्हणाली नाही.

आता जुंकोंची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खूळ वाटेल. (तसं ते खूळच आहे, पण निदान कशाचं ते तरी कळेल.) जुंको म्हणजे थंडीत दाणे टिपायला येणारं करडं पाखरू. चोच गुलाबी, आणि उडालं की शेपटीच्या कडा पांढऱ्या चमकतात. दुसऱ्या राज्यांत लोकांच्या अंगणात एका तऱ्हेचा येतो, नशीब जोरावर असेल तर दोन. आमच्या इथे कोलोरॅडोत डोंगराच्या पायथ्याशी मात्र हिवाळ्यात पाचही भाऊबंद एकाच पंगतीला बसतात. अंगभर पाटीच्या रंगाचा एक. काळं टोपडं घातलेला ओरेगॉनचा एक. गुलाबी कुशीचा एक. राखी अंगावर पाठीला तेवढा तांबूस ठिपका असलेला एक. आणि पाचवा, पांढऱ्या पंखांचा. हा जरा थोराड, फिकट, पंखांवर दोन पांढऱ्या रेघा. तो उत्तरेकडच्या एकाच डोंगराळ भागातून उतरतो आणि कुणाच्या अंगणात जायचं हे त्याचं तो ठरवतो. एका हिवाळ्यात, स्वतःच्या जमिनीवर, फोटोसकट पाचही मिळाले की मंडळाच्या लाकडी फळीवर नाव कोरतात. अकरा वर्षांत तीन नावं लागली होती. त्यातलं एक मर्ल टॉफ्टलंड.

तेव्हा या वर्षी व्हर्ननने कंबर कसली. अस्वलं झोपायला गेल्याशिवाय आमच्याकडे कुणी दाणे टांगत नाही, कारण एकदा का अस्वलाला अंगण आवडलं की ते पाहुणं जात नाही. म्हणून नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की संपेपर्यंत तो कसाबसा थांबला. मग मागच्या अंगणात, लायलॅकच्या झुडपाशेजारी, कुंपणापासून बरोबर दोन फुटांवर त्याने नवा खांब रोवला आणि दाण्यांचं भांडं टांगलं. तिवईवरचा कॅमेरा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिला. तो उभा राहिल्यामुळे लॉर्नाला भांडी घासायला तिवईच्या तंगड्यांमधून हात घालावा लागे.

पहिल्याच आठवड्यात वसाहत समितीचं पत्र आलं. अध्यक्षा गेल प्रुइट. या बाईंना वसाहतीत पानसुद्धा अर्ज केल्याशिवाय पडलेलं खपत नाही. 'जमिनीवर सांडलेल्या दाण्यांमुळे परिसराच्या सौंदर्यास बाधा येते. भांड्याखाली तबक लावावे.' व्हर्ननने उत्तरादाखल दोन पानं लिहिली, की जुंको टांगलेल्या भांड्यावर बसत नाही, तो खाली सांडलेलंच टिपतो, तेव्हा सांडणं हाच या योजनेचा गाभा आहे. गेलबाईंनी उलट टपाली एक फॉर्म पाठवला. 'सांडण्याची परवानगी' असा रकाना त्यात नव्हता, म्हणून त्याने 'इतर' या रकान्यात खूण केली. त्या 'इतर'वर विचार करायला समितीला पाच आठवडे लागणार होते.

पाखरांना मात्र फॉर्म भरावा लागला नाही. डिसेंबर संपेपर्यंत चौघे हजेरी लावून गेले. चौघांचेही फोटो असे स्वच्छ आले, की गुलाबी चोचीवरचा कोंडासुद्धा दिसावा. उरला पाचवा.

खारी तोवर दाणे पळवायला लागल्या होत्या. समोर राहणारा बर्ट स्टँकोविच हा सल्ला द्यायला सदैव मोकळा असतो. तो म्हणाला, "तिखट मिसळ दाण्यात! लाल मिरचीची पूड! पाखरांना तिखट लागत नाही, खारी मात्र बोंबलत पळतात." सल्ला अगदी बरोबर होता. फक्त त्या दिवशी डोंगरावरून वारा सुटलाय हे बर्टने सांगितलं नाही, आणि व्हर्ननने पाहिलं नाही. खारी होत्या तिथेच राहिल्या. बोंबलत पळाला तो व्हर्नन.

तो न्हाणीघरात नळाखाली डोळे धरून उभा असताना लॉर्नाने हाक मारली. "अरे, ऐकलंस का? ते तुझं एक आलंय बघ. मोठंसं, फिकट. पंखावर दोन पांढऱ्या रेघा."

"कुठे?" व्हर्नन ओरडला आणि दाराऐवजी भिंतीतूनच बाहेर यायला निघाला.

"डोलोरेसच्या झाडाखाली."

डोलोरेस आर्चुलेटा, शेजारीण. वय त्र्याहत्तर. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेल्या या बाईला उरलेला घास टाकवत नाही. कालच्या टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, हाताने कुस्करून ती आपल्या स्प्रूसच्या झाडाखाली पाखरांना घालते. ते झाड कुंपणाच्या पलीकडे, कुंपणाला जवळजवळ टेकूनच. आणि तिथे, कुंपणापासून दीड फूट पलीकडे, पांढऱ्या पंखांचा जुंको टॉर्टिया खात बसला होता. व्हर्ननने लाल डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं सांगतो, त्याला रडू आलं. त्यात मिरची किती आणि दुःख किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तो तडक शेजारी गेला.

"डोलोरेस, तुम्ही जरा तीन दिवस टॉर्टिया घालू नका."

"का रे बाबा? माझ्या टॉर्टियांनी काय घोडं मारलंय तुझं?"

"ते पाखरू माझ्याकडे यायला हवं."

"मग बोलाव की! मी काय त्याचे पाय बांधलेत?"

"ते माझ्या जमिनीवर बसायला हवं, तरच धरतात."

"कोण धरतात?"

"मंडळवाले."

डोलोरेसबाईंनी त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं. "डोळे का लाल झालेत तुझे? झोपत नाहीस का? थांब, वाटीभर हिरव्या मिरचीचा रस्सा देते." मिरची हा शब्द ऐकून व्हर्नन दोन पावलं मागे सरकला. पण बाई मनाने मोठी. तीन दिवस तिने टॉर्टियाचा तुकडा टाकला नाही. जुंकोने त्याची दखलच घेतली नाही. तो रोज सकाळी नऊला यायचा, स्प्रूसखाली जुना चुरा उकरायचा, आणि कुंपणाच्या फटीतून व्हर्ननच्या महागड्या दाण्यांकडे बघायचा. बघायचा आणि परत उकरायचा.

चौथ्या दिवशी कॉफी ढवळता ढवळता व्हर्ननचा चमचा थांबला. "लॉर्ना," तो म्हणाला, "कुंपण म्हणजे हद्द नव्हे."

लॉर्नाने हातातली बशी खाली ठेवली. हे वाक्य तिने चौतीस वर्षं ऐकलं होतं आणि दर वेळी त्यानंतर कुणीतरी वकील केला होता.

"कुंपण सुताराने घातलं," व्हर्नन पेटून सांगू लागला, "हद्द म्हणजे कोपऱ्यात पुरलेल्या लोखंडी खुंट्या. या घरात एकोणतीस वर्षं राहतोय, आपली जमीन मी कधी मोजलीच नाही. हे कुंपण दोन फूट आपल्या अंगणात घुसलेलं निघालं, तर तो जुंको माझ्या जमिनीवर बसतोय! आजवर बसतोय!"

"आणि तुझ्या अंगणाऐवजी तिच्या अंगणात घुसलेलं निघालं तर?"

असले प्रश्न व्हर्नन ऐकत नसे.

पण जमीन खणायची तर आमच्याकडे आधी फोन करावा लागतो, खाली गॅसची नळी आहे की विजेची तार हे बघायला माणूस येतो. तो आला आणि बर्फावर रंगाच्या रेघा मारून वर बोटभर उंचीच्या काड्यांना लावलेली झेंडुकली टोचून गेला. पिवळी, लाल, निळी. चाळीस तरी असतील. वाऱ्याबरोबर ती जी फडफडायला लागली, की सहा दिवस अंगणात एक पाखरू फिरकलं नाही. खारी तेवढ्या आल्या. गेलबाईंचं दुसरं पत्रही आलं, 'परवानगीशिवाय लावलेल्या शोभेच्या वस्तूंबाबत.'

रविवारी खणायला सुरुवात झाली. डोलोरेसबाईंनी आपल्या बाजूला खणायला परवानगी दिली, एवढंच नव्हे तर खुर्ची आणि कांबळं घेऊन बघायला बसल्या. रस्त्याकडची खुंटी लगेच सापडली, कुंपणाला चिकटून, जिथल्या तिथे. मागच्या कोपऱ्यातली काही केल्या सापडेना. जानेवारीची जमीन, कुदळ मारली की हातालाच झिणझिण्या येत. "निखारे ठेव वर!" बर्ट रस्त्यापलीकडून ओरडला. "जमीन लोण्यासारखी होईल!" व्हर्ननने शेगडीतले निखारे ओतले. ते बघून बर्टला वाटलं, आता निखारे आहेतच तर वाया का घालवा, म्हणून तो सॉसेज घेऊन आला. वासाने आणखी तिघे शेजारी आले. पाव आला, मोहरीची बाटली आली, आणि दर तीन मिनिटांनी कुणीतरी तोंडात घास धरून व्हर्ननला सांगत होतं, की कुदळ अशी नाही, अशी धर. दोन तासांत डोलोरेसबाईंच्या अंगणात चार खड्डे पडले. त्यांत एक गंजका चमचा निघाला, आणि डोलोरेसबाईंना तो ओळखीचा वाटला.

दुपार टळली, सॉसेज संपली, तशी मंडळीही पांगली. व्हर्नन एकटाच धातू शोधायचं यंत्र घेऊन हळूहळू आपल्या बाजूला आला. कुंपणाच्या अलीकडे, ज्या बाजूला त्याने अजून बघितलंच नव्हतं, तिथे यंत्राने किंचाळायला सुरुवात केली. बाटलीचं झाकण असेल, तो स्वतःला म्हणाला. त्याने खणलं. झाकण नव्हतं. नारिंगी टोपी घातलेली लोखंडी खुंटी होती, सरळ, शहाण्यासारखी उभी.

त्याने फीत लावली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, मग कागदावर आकडे मांडून तिसऱ्यांदा मोजलं. कुंपण पुढच्या बाजूला बरोबर होतं, मागे जाता जाता तिरकं होत गेलं होतं. ते व्हर्ननच्या अंगणात घुसलं नव्हतं. डोलोरेसच्या अंगणात घुसलं होतं. लायलॅकच्या झुडपापाशी खरी हद्द कुंपणाच्या अलीकडे दोन फूट नऊ इंचांवर होती. आणि त्याचा खांब कुंपणापासून दोन फुटांवर.

म्हणजे खांब डोलोरेसच्या जमिनीत होता. नऊ इंच.

घरात येऊन त्याने चौघा जुंकोंचे फोटो काढून बघितले. जुंको झुडपाचा आडोसा सोडत नाही, त्यामुळे चौघेही खांबाच्या पलीकडच्या बाजूला, लायलॅकला चिकटून बसलेले. एकही पाय हॅसेलब्रिंग यांच्या जमिनीवर नाही.

"लोट माती परत," लॉर्ना शांतपणे म्हणाली. "कुणी पाहिलंय?"

त्याने माती लोटली. झेंडुकली उपटली. जेवला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी काय व्हावं? सकाळी ताजं बर्फ पडलं, झेंडुकली नाहीशी झालेली, अंगण पुन्हा शांत. नऊ वाजता पांढऱ्या पंखांचा जुंको कुंपणाच्या वर येऊन बसला. इकडेतिकडे बघितलं. टुणकन उडी मारली ती थेट व्हर्ननच्या भांड्याखाली. पंख पसरून, शेपटी फुलवून, कॅमेऱ्याकडे तोंड करून तो सात मिनिटं बसला. व्हर्ननने बावीस फोटो काढले. बावीसही अप्रतिम होते. मर्ल टॉफ्टलंडच्या बापालासुद्धा त्यांना नाव ठेवता आलं नसतं.

"झालं तुझं काम!" लॉर्नाने टाळ्या वाजवल्या. "लागलं नाव फळीवर!"

व्हर्ननने बोटाने खांब दाखवला. जुंको खांबापासून वीतभर पलीकडे, डोलोरेसच्या बाजूला बसला होता.

पुढचे दोन दिवस त्याच्याइतका दुःखी माणूस आमच्या गल्लीत नव्हता, आणि आमच्या गल्लीत दात काढणारे दोन डॉक्टर राहतात. नऊ इंच! जेमतेम एक वीत. कुणाला कळणार? डोलोरेसला जुंको आणि कोंबडी यांतला फरक आकारावरून तेवढा कळतो. मर्लने खांब गेल्याच महिन्यात येऊन बघितला होता आणि 'जागा छान निवडलीत' असंही म्हणाला होता. फॉर्मवर एकच ओळ लिहायची होती, 'पक्षी माझ्या जमिनीवर पाहिला.' व्हर्ननने पेन उचललं आणि ठेवलं. पुन्हा उचललं. 'माझ्या' लिहून झाल्यावर पेन पुढे सरकेना. जन्मभर त्याने दुसऱ्यांना सांगितलं होतं की पायाखालची जमीन तुमची नाही, आणि कुणी म्हातारी त्यावर रडली तरी आकडा अर्ध्या इंचानेही सरकवला नव्हता. आता स्वतःसाठी नऊ इंच सरकवायचे? त्याने फॉर्म फाडला आणि शेजारचं दार ठोठावलं.

"डोलोरेस, कुंपण चुकलंय. लायलॅकचं झुडूप तुमचं आहे. माझा खांबसुद्धा तुमच्याच जमिनीत आहे."

बाईंनी दोन्ही हात गालावर नेले. "लायलॅक माझं? खरंच? अरे, दर मे महिन्यात तुम्ही चर्चला गेलात की मी त्याच्या फुललेल्या फांद्या चोरते रे! पंधरा वर्षं झाली! दर वेळी फादरला जाऊन सांगते!"

"तुमचंच होतं ते."

"म्हणजे मी फुकटच पश्चात्ताप केला?" बाई खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्याचा चेहरा बघून थांबल्या. "अरे, मग ते तुझं पाखरू?"

"पाचही तुमच्याकडेच आले होते. फळीवर नाव तुमचं लागायला हवं."

"माझं? मला तर सगळी एकच वाटतात!"

"नियमात ओळखायला हवीत असं नाही."

फेब्रुवारीच्या सभेला डोलोरेसबाई ठेवणीतला निळा कोट घालून आल्या. व्हर्ननने पाच फोटो टेबलावर मांडले आणि फॉर्म पुढे केला. जमिनीच्या मालकाच्या जागी डोलोरेस आर्चुलेटा. मर्ल टॉफ्टलंडने फोटो बघितले, फॉर्म वाचला, आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"पण हा खांब तुमच्या अंगणातला. मी पाहिलाय की."

"कुंपण तिरकं आहे," व्हर्नन म्हणाला. "खांब नऊ इंच यांच्या हद्दीत आहे. नकाशा आणलाय मी, खुंटीचा फोटो आहे, सगळी मोजमापं..." त्याने कोटाच्या खिशातून घडी केलेला मोठा कागद काढला आणि उलगडायला सुरुवात केली.

मर्लने चष्मा परत नाकावर आणला. मग हात पुढे करून तो कागद परत घडीत दुमडला.

"राहू द्या. मोजलंय कुणी? तुम्हीच ना?"

"तीनदा."

"मग झालं." त्याने सही केली. सही करून झाल्यावर, वर न बघता म्हणाला, "आणि व्हर्नन, तो गेल्या वर्षीचा पाचवा. तोही लिहून टाकतो आता."

"नका लिहू!" व्हर्नन घाईघाईने म्हणाला. "खांब तेव्हा कुठे होता ते आधी मोजावं लागेल."

डोलोरेसबाईंना चार शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, की पाखरं गोड आहेत, दाणे व्हर्ननचे आहेत, आणि ते संपत आलेत, तेव्हा त्याने येताना आणावेत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

व्हर्नन घरी आला तो शीळ वाजवत. लॉर्ना दारातच उभी होती. "काय रे? लागलं नाव?"

"लागलं. डोलोरेसचं!" त्याने टोपी लांबूनच खुंटीकडे फेकली आणि ती चुकली. "आणि तुला सांगतो, मर्लने नकाशा बघितलासुद्धा नाही! मी म्हणालो, मोजलंय, तर म्हणाला, मग झालं!"

हे त्याने जेवताना चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्याने तोंड उघडताच लॉर्नाच म्हणाली, "बघितलासुद्धा नाही," आणि त्याच्या बशीत आणखी एक डाव सूप वाढलं.